सत्याची सळई

बंद कारखान्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शेगडी, शेजारी ऐरण, आणि उघड्या अंगाचा सळईबाबा. अंगठ्याएवढ्या जाडीची तांब्याची सळई त्यानं लालबुंद तापवली, बादलीत बुडवली, पुसली आणि डोळे मिटून म्हणाला, "धातूला जीभ नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही. निर्मळ हातात लोणी, पापी हातात लोखंड."

खटला साधा होता. एका घरातला कर्ता मुलगा पोटदुखीनं गेला होता. डॉक्टरांनी आंत्रपुच्छ फुटल्याचं सांगितलं. त्याची आई म्हणाली, सुनेनं विष घातलं. गल्लीला आईचं म्हणणं जास्त आवडलं.

सळई आधी सासूच्या हातात गेली. म्हातारीनं गुडघ्यावर दाबली, तशी ती वेतासारखी वाकली. गर्दीनं हात जोडले. बाबानं सळई ऐरणीवर ठोकून ठोकून सरळ केली आणि सुनेला दिली. तिनं सगळं अंग टाकून दाबलं. सळई तसूभर हलली नाही.

"विष कालवताना बरा जोर होता," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

बाबानं सळई पुन्हा लाल तापवली आणि तिच्या उजव्या तळहातावर ठेवली. दोघी शेजारणींनी तिचं मनगट धरलं होतं. तिची लहान मुलगी आजीच्या कडेवर होती. आजीनं तिचं तोंड फिरवलं नाही. कबुली आली नाही, म्हणून डावा हात दुसऱ्या दिवसावर ठेवला आणि सुनेला कोळशाच्या खोलीत कोंडलं.

दुसऱ्या दिवशी मेलेल्याची बहीण आली. ती परगावी तंत्रशाळेत धातुशास्त्र शिकवायची. बाहेर आणलेल्या वहिनीचा हात पाहिला, तिचं ऐकून घेतलं, आईशी एक शब्द बोलली नाही आणि गर्दीत पुढे जाऊन उभी राहिली. बाबानं सळई तापवली, निववली, स्वतः वाकवून दाखवली, ठोकून सरळ केली आणि सुनेपुढे धरली. ती मधेच बहिणीनं घेतली.

"ही आईला द्या."

"ताई, आधी आगीत शुद्धी करावी लागते," बाबा हसत म्हणाला.

"वहिनीला देताना केली होती का?"

बाबा सळई परत घ्यायला पुढे झाला. मागून दोघं-तिघं म्हणाले, "द्या की. आजीला कसली भीती?"

सासूनं सळई गुडघ्यावर दाबली. मग दोन्ही गुडघे लावून दाबली. सळई ताठच. आवारात कुजबुज झाली आणि कालच्याच शेजारणी पुढे सरसावल्या. एकीनं म्हातारीचं मनगट धरलं. "हात पुढे करा, आजी."

म्हातारीनं आपल्या मुलीकडे पाहिलं. "सांग ना यांना. मी काही नाही केलं गं."

"वहिनी काल हेच सांगत होती," मुलगी म्हणाली आणि थांबली. दुसरीनं म्हातारीची बोटं उघडली, तरी ती थांबलीच होती. आई हात सोडवायला धडपडू लागली, तेव्हा ती म्हणाली, "सोडा तिला. तीही निर्दोष आहे. या तांब्याला कुणाचंच काही कळत नाही."

तिनं सळई शेगडीत खुपसली. "तांबं बारीक बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं. वाकवलं, ठोकलं की ते चेपतात, त्यांची आतली रचना विस्कटून एकमेकांत अडकते, मग थरावरून थर सरकत नाही. म्हणून ठोकलेली सळई वाकत नाही. लाल तापवली की चेपलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, धड स्फटिक उगवतात आणि जुन्यांना खात वाढतात. सळई परत मऊ. ज्याला सोडायचं त्याला हा शेगडीतली देतो. ज्याला अडकवायचं त्याला ऐरणीवरची."

सळई निववून तिनं म्हातारीचं मनगट धरलेल्या शेजारणीच्या हातात दिली. सळई सहज वाकली. शेजारीण ओशाळी झाली. बाबा झोळी उचलून निघाला होता. काल हसलेल्यांनीच त्याला बदडायला सुरुवात केली. बहिणीनं पोलिसांना बोलावलं, तेव्हा कुठे ते थांबले.

"चल घरी," सासू सुनेला म्हणाली.

"मुलगी द्या." सुनेनं लेकीला डाव्या हातावर घेतलं आणि नणंदेबरोबर दवाखान्याची वाट धरली.

सळई सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. आग, ऐरण, हातोडा, काहीही लपवलेलं नव्हतं. सासूला देण्याआधी सळई तापवली, मग सुनेला देण्याआधी का नाही, एवढं एकानं जरी विचारलं असतं, तर त्या बाईचा हात वाचला असता. विचारायला विद्या लागत नाही. तुमच्यासमोर कुणाला असं उभं केलं, तर हात जोडण्याआधी विचारा.