गढूळ फुंकर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल एरवी फुकट दिला तरी भरत नाही. त्या दिवशी मात्र पार जिन्यापर्यंत माणसं उभी होती. टेबलावर स्वच्छ पाण्याचे ग्लास आणि त्यामागे टाय लावलेला विक्रेता. हा गडी कोंडा विकायला बसला असता, तर गव्हाच्या भावाने खपवून उठला असता.

"या काका, नळीतून पाण्यात फुंका. जोरात!"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फुंकलं. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. "अगंबाई!" बायका म्हणाल्या. पुरुष मनातल्या मनात म्हणाले.

"हे तुमच्या पोटातलं विष!" विक्रेत्याने बाटलीतले थेंब टाकून ढवळलं. पाणी पुन्हा नितळ. "मी स्वतः रोज घेतो. ना पथ्य, ना व्यायाम, ना गोळ्या! खा, प्या, लोळा! बाकीचं आमच्या थेंबांवर सोडा!"

लोळायला सांगणारा वैद्य कुणाला नको असतो?

पहिल्या रांगेत माझी आत्या होती. ती शिवणकाम करते आणि तिला साखरेचा जुना आजार आहे. मागच्या आठवड्यात हाच खेळ पाहून तिने गोळ्या बंद केल्या होत्या. मशीनच्या पायपट्टीवर घासून अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. मी बोललो की, "तुला काय कळतंय?" मला खरंच भीती वाटायला लागली, म्हणून ताईला घेऊन आलो. ताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

ताईने एक ग्लास उजेडात धरून पाहिला.

"थेंब तुम्ही रोज घेता ना?"

"न चुकता, मॅडम!"

"मग तुमच्या पोटात विष उरलं नसणार. फुंका बरं."

विक्रेत्याने घसा खाकरला. "आज जरा सर्दी आहे."

"अहो, तोंडाने तर फुंकायचंय," आत्याच म्हणाली. त्याचा मोठेपणा सिद्ध व्हावा अशी बिचारीची मनापासून इच्छा!

शेवटी त्याने फुंकलं. मांजराने गरम दुधावर फुंकावं इतकं हळू. तरी पाणी पांढरंफटक झालं. काका इतके हसले की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं.

"ही चुन्याची निवळी आहे," ताई म्हणाली. "श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिसळला की पांढरी होते. तान्ह्या बाळाने फुंकलं तरी होईल." मग तिने मला आत्याच्या स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणायला पिटाळलं. ते थोडं थोडं टाकून ढवळल्यावर ग्लास नितळ झाला.

"कंपनीने शिकवलंय तसं करतो आम्ही," असं पुटपुटत विक्रेता ग्लास गोळा करू लागला.

पण आत्याचा जीव अजून बाटलीत होता. "मग माझ्या समोरच्या घरातल्या बाईंची गोळी कशी सुटली? यानेच माझ्या कानात सांगितलं. म्हटलं, त्यांची सुटते आणि माझी नाही?"

समोरच्या बाई उठून उभ्याच राहिल्या. "माझी? अहो, मला म्हणाला शिवणवाल्या बाईंची सुटली, तुम्हीच मागे राहिलात! म्हणून तर मी रक्तदाबाची गोळी सोडली. आणि वर कुणाला सांगू नका म्हणाला."

आठवडाभर या दोघी दारात एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या. आता दोघींचे चेहरे पडले. आत्याने खाली वाकून अंगठ्याकडे पाहिलं. "दवाखाना उघडा असेल का गं?" तिने ताईला विचारलं.

"आहे. दोघी चला," ताई म्हणाली. "थेंबांत व्हिनेगरसारखंच काहीतरी आंबट होतं. हेवा मात्र आपण घरून आणला होता. आळससुद्धा."

चपला घालता घालता आत्या माझ्याकडे वळली. "आणि तुला काय सांगितलं रे त्याने कानात?"

"म्हणाला, अडाण्यांना मी आग्रह करतो. तुमच्यासारख्या चिकित्सक माणसाने स्वतःच पारखून घ्यावं."

"मग?"

मी खिशातून बाटली काढली. आत्या पोट धरून हसली.

तेव्हा मंडळी, माल पारखा, पण आपल्यालाही जरा पारखा. हेवा, आळस, फुशारकी, यांतलं काय गोंजारलं जातंय ते बघा. कानात सांगितलेलं शेजाऱ्याला मोठ्याने विचारा. आणि गोळी सोडायची की नाही, ते डॉक्टरांना विचारा.