टायरची आतली कड

तळहातावर रबराचा भुगा आहे — वहीत खोडरबर घासल्यावर उरतो ना, अगदी तसा, फक्त काळा आणि अजून कोमट, दोन बोटांत चोळला की त्याची बारीक वळी होते... आणि ती चोळत बसली आहे, गणवेशात, दप्तर पाठीवर तसंच, व्हॅनच्या पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवी. आत्ताच ती याच व्हॅनमधून उतरली. बाकीची दहा पोरं आपापल्या दारात सोडून झाली की शेवटचा थांबा बाबांचं गॅरेज, म्हणजे तिचं घर, कारण मागच्या दोन खोल्यांतच ती सगळी राहतात.

बाहेरून बघावं तर टायर नवाकोरा. एखाद्याला वाटेल, काय उगाच तक्रार करतात लोक. पण मान वाकडी करून आत डोकावलं की कळतं : आतल्या कडेची नक्षी पार पुसून गेली आहे, बोटभर रुंदीचा पट्टा गोटा झाला आहे, आणि टायर घालून पुरता महिनाही झालेला नाही. ती हात फिरवते. आतून बाहेर — गुळगुळीत. बाहेरून आत — करवत. म्हणजे चाक सरळ धावत नाहीये, तोंड जरासं बाहेर करून फरपटत चाललं आहे, आईनं हाताला धरून ओढलेल्या पण खेळण्यांच्या दुकानाकडे बघत राहिलेल्या मुलासारखं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही... म्हणजे हात फिरवायला बाबांनी शिकवलं, पण ते दुकानाकडे बघणारं मूल तिचं तिला सुचलेलं आहे, आणि त्याचा तिला फार अभिमान आहे.

"ताई, खरं सांगा," बाबा व्हॅनच्या पलीकडून म्हणाले, "कुठे खड्ड्यात आपटलीत का?"

"अकरा पोरं नि अकरा दप्तरं भरून मी काय सर्कस करते, मिस्त्री?" व्हॅनवाल्या मावशी अजून स्टिअरिंगपाशीच बसून होत्या, कोपर खिडकीबाहेर. "तुमचं अलाइनमेंटच होत नसेल धड."

"दोनदा केलं. मशीनवर आकडे चोख आले. मग राहिलं काय? चालवणाराच ना."

"म्हणजे आता माझ्यावर."

"बुश बघितलेत, सगळं बघितलंय ताई, उगाच नाही बोलत."

बुश बघितलेत. भुग्याची वळी तिच्या बोटांतून खाली पडली.

कारण बुश बाबांनी बघितलेच नव्हते. बुश बघितले होते — मी. मागच्या महिन्यात, पहिल्यांदाच गाडीखाली एकटीनं. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याच्या टोकाला जे जाड रबर बसवलेलं असतं ते, त्यात टॉमी म्हणजे लोखंडी पहार घालून हलवायचं आणि किती हलतं ते बघायचं, एवढंच तर काम... आणि ते हललं होतं. डावीकडचं जितकं हललं त्याहून उजवीकडचं थोडं जास्त. थोडंसंच. रबर आहे, रबर हलणारच की, असं तिनं स्वतःला सांगितलं — सांगितलंही नाही खरं तर, तेवढा वेळच घेतला नाही. कारण वरून बाबांनी विचारलं, "काय गं?" आणि बाबा स्वतः अशा वेळी एकाच शब्दात उत्तर देतात, गाडीखालून, न थांबता, त्या एका शब्दावर गिऱ्हाईक निश्चिंत होऊन जातं, तसा एक शब्द आपल्यालाही कधी टाकायला मिळावा म्हणून ती केव्हाची टपून होती. "फिट," ती म्हणाली होती. काय आवाज लागला होता. वर्गात नाट्यवाचनालाही असा लागला नव्हता. आणि बाबांनी परत वाकून बघितलं नाही. तेव्हा त्याचाच तिला केवढा आनंद झाला होता.

बाबा तिसऱ्यांदा अलाइनमेंट करायला निघाले होते. करतील, आकडे पुन्हा चोख येतील — गाडी उभी असते तेव्हा चाक शहाण्यासारखंच उभं असतं — आणि पुढच्या महिन्यात मावशी पुन्हा असंच ऐकून घेतील. ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत त्या. दुसरं गॅरेज धरतील. आणि बाबा जन्मभर म्हणत राहतील की बाईला चालवता येत नाही. आणि मला गाडीखाली जाऊ देत राहतील.

हे शेवटचं वाक्य तिनं मनातल्या मनात दोनदा वाचलं. त्याची चव चांगली नव्हती.

"मावशी," ती उठली, "गाडी जरा पुढे घ्या. माणूस चालतो त्या वेगानं. आणि मी म्हटलं की ब्रेक दाबा."

"का गं वकिलीणबाई, आता तू माझी परीक्षा घेणार?"

"तुमची नाही."

मावशींनी भुवया उंचावल्या, पण गाडी चालू केली. ती दोन पावलं बाजूला सरकून वाकली. नजर चाकावर, फक्त चाकावर... व्हॅन हलली, खडी करकरली. "दाबा." आणि त्या क्षणी चाक आपल्या जागेवरून मागे सरकलं आणि त्याचं तोंड बाहेर वळलं. अंगठ्याच्या नखाएवढं. म्हणजे प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक थांब्याला, आम्हा अकराही जणांना घेऊन, ते असंच वळत होतं. आणि मी खिडकीशी बसून डबा खात होते.

बाबांना दिसलं नव्हतं, ते पलीकडे होते. अजूनही गप्प राहता आलं असतं. 'बाबा, बुश आत्ता गेलेला दिसतोय' असंही म्हणता आलं असतं. एका 'आत्ता'नं सगळं निभावलं असतं. तो शब्द जिभेपर्यंत आलाही होता.

"बाबा, उजवा बुश गेलाय," ती म्हणाली. "मागच्या महिन्यातही गेलेला होता. हलत होता तो. मी तरी फिट म्हणाले."

बाबांनी हातातलं फडकं घेऊन एकेक बोट पुसलं, आधीच स्वच्छ असलेली बोटंसुद्धा. मावशींनी इंजिन बंद केलं.

"ताई," बाबा म्हणाले, "तुमची चूक नाही."

"ते मला ठाऊकच होतं," मावशी म्हणाल्या, पण हळू.

तिच्याकडे बाबांनी बघितलं नाही. जॅक ओढत आणला, गाडी उचलली, टॉमी स्वतःच घेतली आणि स्वतःच आडवे होऊन खाली गेले. आता तिला दिसत होत्या त्या फक्त त्यांच्या चपला, टाचांशी झिजलेल्या. खालून लोखंडाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. ते रागावलेत का, हे चपलांवरून कळत नाही. उद्या गाडीखाली जायला मिळेल का, हेही नाही. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही, त्याऐवजी डोकं भराभरा चालायला लागलं, गणिताच्या पेपरात शेवटची दहा मिनिटं उरली की चालतं तसं. पाववाल्याचा टेम्पो — त्यालाही मीच फिट म्हणाले होते, टॉमी नीट घातली होती का? दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी — तिची डावी बाजू बघितली, उजवी... उजवीही बघितली असणार. असणार म्हणजे काय? आणि त्या निळ्या गाडीवाल्या आजोबांची, जे दर रविवारी घाटातून लेकीकडे जातात...

तिनं दप्तर पाठीवरून उतरवलं, कच्ची वही काढली, मांडीवर उलटी धरली आणि मागच्या पानावर, पुन्हा तपासायच्या गाड्यांत, आजोबांची गाडी सगळ्यात वर लिहिली. मग टेम्पो. मग डॉक्टरीणबाई. आणखी एक गाडी होती, रंग आठवत नव्हता, आणि ती आठवू नये असं तिला आता अजिबात वाटत नव्हतं.