लाजाळूसाठी इंग्रजीत किती शब्द

शाय

बीडच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या सरांनी एका दिवसात आठ शब्द दिले. आठही शब्दांपुढे मी एकच अर्थ लिहिला, लाजाळू. सर म्हणाले, दिपाली, असं लिहिलंस तर बँकेच्या परीक्षेत मार्क जातील. आठ माणसं खाली मान घालून उभी असली तरी प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. शाय सगळ्यात साधा. परक्यासमोर ज्याचं तोंड उघडत नाही तो.

पोलीस जमादारासमोर आईचं तोंड उघडत नव्हतं. नेकनूरजवळच्या आमच्या रानात माझ्या वडलांना, आप्पांना, लोखंडी पाइपने मारून टाकलं त्याला चार तास झाले होते. आईच्या साडीवर त्यांचं रक्त वाळून कडक झालं होतं. बसताना साडी मोडत नव्हती. कोणी मारलं, या प्रश्नाला तिने उत्तर दिलं: मामंजीनं आन् मोठ्या दिरानं. म्हणजे मोहनराव आणि त्यांचा मुलगा विजयसिंह. पुढचा प्रश्न होता, चेहरे पाहिले का?

आई गप्प.

त्याने पुन्हा विचारलं. मग मीच म्हणाले, पाहिले, स्पष्ट पाहिले, ती लाजते. जमादाराने लिहून घेतलं. आईने खाली सही केली.

डेमुअर

अंगभर पदर, जमिनीकडे नजर, हळू चाल. शाय माणूस आतून तसा असतो. डेमुअर बाई बघणाऱ्याला बरी वाटते.

मोहनराव आईचे चुलत सासरे. आमच्या भावकीत सून सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर पदर नाकाच्या खाली ओढते. तोंड दाखवत नाही, तोंड बघतही नाही. सणाला पाया पडते तेवढाच संबंध. गावात आईचं उदाहरण द्यायचे. वनमालासारखी सून पाहिजे, म्हणायचे.

पाणंदीचा रस्ता मोहनरावांनी नांगरून आपल्या रानात घेतला होता. आप्पांनी सरकारी मोजणी आणली आणि हद्दीचे दगड परत रोवले. दुपारी एकला आई भाकरी घेऊन पोचली तेव्हा पाइपचा पहिला घाव आप्पांच्या गुडघ्यावर बसला होता. आईने पदर ओढला.

हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं.

आईने पदर ओढला. समोर सासरा होता, थोरला दीर होता. सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप डोक्याकडे गेला. मग गाठोडं टाकून ती धावली. दुसरा घाव नडगीवर बसला, हाड कातडी फाडून बाहेर आलं. तिसरा आईच्या खांद्यावर. आप्पा पालथे पडले तेव्हा एका पायाने त्यांची मान नांगरटीत दाबून धरली. आप्पांची बोटं माती उकरत राहिली. बोटं थांबल्यावरही पाय लगेच उचलला नाही.

टिमिड

हे भित्र्या जनावरालाही लावतात, सर म्हणाले.

दोघे जामिनावर सुटून गावात आले. साक्षीची तारीख लागली त्या आठवड्यात सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर आमच्या रेडकाचे दोन्ही कान. गोठ्यात रेडकू भिंतीला डोकं घासत होतं आणि भिंत लाल झाली होती. चहाच्या वेळेला मोहनरावांचा माणूस अजिनाथ आला. ओट्यावर बसला, रेडकाची विचारपूस केली, औषध सुचवलं. उठताना म्हणाला, "वयनी, कोर्टात लई बोलू नगा. जनावराचे कान जातेत. माणसाला जीभ असती."

आईने कान पुरले. म्हशीची धार काढायला बसली. निम्मं दूध जमिनीवर गेलं.

शीपिश

आपणच माती खाल्लेली असते आणि आता कोणाच्या नजरेला नजर देता येत नाही, तेव्हा.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडून उत्तरं घोकून घेत होते. चेहरे पाहिले का? म्हण, पाहिले. ती म्हणेना. शेवटी म्हणाली, "मामंजीचं तोंड म्या कंदीच बगितलं न्हाई. लगीन झाल्यापून न्हाई. कसं म्हणू?"

मग मार कोणी दिला हे तुला कशावरून कळलं, असं तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. सरकारी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, जबाबात एक आणि तोंडात एक झालं तर दोघेही सुटतील, लिहिलंय तेच बोलायला सांगा. मी आईला तेच सांगितलं. तिच्याकडे न बघता, कणीक मळत.

कॉय

वरवरचं लाजणं. आत सगळं माहीत असतं आणि मान वेळावायची.

मोहनरावांच्या वकिलाने आईला तसंच धरलं. ताई लाजू नका, ताई इथं सासर नाही, असं गोड बोलत तो जवळ आला. मोहनराव आणि विजयसिंह आईच्या पाठीमागे बसले होते. मोहनरावांनी बूट घातले होते, पांढरे मोजेसुद्धा. गावात त्यांच्या पायात चपलेशिवाय दुसरं काही कोणी पाहिलं नव्हतं.

वकील म्हणाला, मोहनरावांच्या चेहऱ्यावर एक ठळक खूण आहे, मागे न बघता सांगा.

आईने साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला.

शेंबडं पोर सांगेल, तो म्हणाला, तुम्ही सव्वीस वर्षं नांदलात. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. मग त्याने जबाब वाचून दाखवला. चेहरे स्पष्ट पाहिले. हे खरं की खोटं?

डिफिडंट

स्वतःवर भरवसा नसलेला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरं म्हण.

आई म्हणाली, "खोटं हाय."

सरकारी वकिलांनी पेनचं टोपण लावलं. विजयसिंह मागे खुर्चीत सैलावला, खुर्ची वाजली.

रिझर्व्ड

ज्याच्याजवळ पुष्कळ आहे पण काढत नाही.

"तोंडाचं पोरगी बोलली. म्या तोंड बगितलं न्हाई," आई न्यायाधीश मॅडमना म्हणाली. "म्या पाय बगितले. सव्वीस वर्सं पायच बगितलेत, बाई. थोरल्या दिराच्या डाव्या घोट्यावर गाडीच्या नळीनं भाजल्याचा डाग हाय, रुपायाएवढा. पाइप त्याच्या हातात. मानंवर पाय दिला तो मामंजीचा, उजवा. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं, करंगळीला नख न्हाई. दर दिवाळीला त्या पायावर डोस्कं ठेवलंय म्या."

वकिलाने हरकत घेतली. मॅडमनी ती लिहून घेतली आणि दोघांना पुढे येऊन पाय उघडे करायला सांगितलं.

विजयसिंहाच्या घोट्यावर डाग होता. मोहनरावांना वेळ लागला. बुटाच्या नाडीची गाठ सुटेना.

बॅशफुल

सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे वळलं की अंग चोरून घेणारा. पोरासोरांना लावतात.

मोज्यातून बाहेर आलेली बोटं आत वळली. चढलेलं बोट दुसऱ्या पायाखाली गेलं. बहात्तर वर्षांच्या माणसाचा पाय फरशीवर लपायला जागा शोधत होता.

मॅडमनी विचारलं, जवळून दाखवता का? आई पिंजऱ्यातून उतरली. पदर नाकाखाली ओढलेला. दिवाळीला वाकते तशीच ती वाकली, गुडघे टेकले, आणि डोकं ठेवायच्या जागी हात ठेवला.

"ह्योच."

मोहनरावांनी लाथ मारली.

त्याच पायाने, तिच्या तोंडावर. दात ओठात घुसल्याचा आवाज मी तिसऱ्या बाकावरून ऐकला. आई मागे पडली, पदर सुटला, फरशीवर रक्त आलं. शिपायांनी मोहनरावांना धरेपर्यंत ते दुसऱ्यांदा पाय उचलत होते आणि मोठ्याने म्हणत होते, "हात लावती व्हय, पायाला हात लावती."

आई उठून बसली. पदर घेतला नाही. मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शिपाई त्यांना ओढत नेईपर्यंत, दार लागेपर्यंत.

लाथ नोंदीत गेली. दोघांचा जामीन रद्द झाला. निकाल अजून यायचा आहे.

जिल्हा रुग्णालयात तिच्या ओठाला पाच टाके पडले. नेकनूरच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती, डोकं उघडं. मांजरसुंब्याचा घाट चढताना मला कोपराने ढोसून, टाके सांभाळत म्हणाली, "डाव्या गालावर चामखीळ हाय. केस हायेत तिच्यावर. तुला ठावं व्हतं?"

सगळ्या गावाला ठाऊक आहे, मी म्हणाले.