मागच्या पाईपची फट

मित्रांनो, मी एक जुना गुण्या आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो ना, त्याचाच थोरला भाऊ. आता पिवळा पडलोय, एक कोपरा तुटलाय, आणि स्वभाव म्हणाल तर पक्का भित्रा! तो तसा का झाला, तेच सांगतो.

कारखान्याच्या ड्रॉइंगच्या खोलीत माझी उमेदीची वर्षे गेली. तिथल्या ताई मला पट्टीला टेकवून तिरक्या रेघा ओढायच्या आणि सपाट कागदावर अख्खी बॉयलरची खोली उभी राहायची. डोळ्याला लांबची वस्तू लहान दिसते. आमच्या चित्रात तसे नाही. भिंतीकडचा पाईप दारातल्या पाईपाइतकाच जाड! कुठेही मोजा, माप बरोबर. फिटर लोक वाहवा करायचे आणि मी आपला फुशारून जायचो.

पण खोच त्यातच होती. सगळेच सारखे दिसले, तर पुढचा पाईप कोणता आणि मागचा कोणता, हे कळणार कसे? म्हणून पाईप एकमेकांवरून जातात तिथे मागच्याच्या रेघेत फट ठेवायची. ताई आधी रेघ सलग ओढायच्या, मग रबराने फट पाडायच्या.

एका दुपारी त्यांनी रबर उचलले आणि साहेबांची हाक आली. परत आल्या त्या सही करून मोकळ्या झाल्या. फट पाडायची राहिली! कागदावर दोन वेगळे पाईप जोडल्यासारखे दिसू लागले. नकाशा बॉयलरकडे गेला. मी ओरडलोही असतो, पण गुण्याचे ऐकतो कोण? आणि तिथला फिटर म्हणजे ताईंचा सख्खा धाकटा भाऊ.

थोड्या वेळाने ताईंची नजर दुसऱ्या प्रतीवर गेली. "अगं बाई!" एवढेच त्या म्हणाल्या आणि मी हातात असतानाच धावत सुटल्या.

भाऊ मागच्या पाईपच्या जोडाला पाना लावून बसला होता.

"थांब! हात काढ आधी!"

"अगं ताई, व्हॉल्व्ह बंद केलाय मी. घाबरतेस काय एवढी?"

"तो पुढच्या पाईपचा! हे दोन जोडलेले नाहीत, ह्याच्यात वाफ आहे रे!"

जोड अर्धा सैल झाला होता. आतून बारीक सूंऽऽ आवाज येत होता. मी ताईंच्या हातून कधी पडलो, कोपरा कधी उडाला, कुणालाच कळले नाही. भाऊ मुख्य व्हॉल्व्ह बंद करून आला आणि त्याने पाना खाली ठेवला.

"आईला सांगू नकोस हं," तो म्हणाला.

ताईंनी मला टाकले नाही. कड तुटली तिथे पेन्सिल अडते आणि रेघ थांबते. मागच्या पाईपची रेघ ओढताना त्या माझा तोच कोपरा पुढच्या पाईपशी आणायच्या आणि फट रेघेसोबतच पडायची.

आता नकाशे कॉम्प्युटरवर होतात. तिथेही लांबचे लहान होत नाही म्हणे. मी खणात पडून असतो आणि अजून तो सूंऽऽ आवाज ऐकतो.

मित्रांनो, मला कुठेही ठेवा, पण फट मागाहून ठेवू म्हणू नका. त्या पाईपला कुणाचा तरी भाऊ हात घालणार असतो.