समोरासमोर दोन गाड्या

मी स्टार्टचं बटण दाबलं आणि गाडीनं नुसतं 'टक्' केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा 'टक्'. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

मागच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल आणि ऑपरेशननंतर घालायचा काळा चष्मा.

"काय गं, निघत का नाही?"

"निघतेय, आई," मी म्हटलं. तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते त्यांना कशाला सांगा.

आठच्या आत हॉस्पिटलात पोचायचं होतं. आईंचा उजवा डोळा कधीच गेलाय. डाव्याचं बुबुळ इतकं पांढरं पडलं होतं की समोर माणूस आहे की खांब, हे त्यांना आवाजावरूनच कळायचं. दोन वर्षं यादीत नाव होतं. काल संध्याकाळी फोन आला की दात्याचं बुबुळ मिळालंय, आठला टेबलावर हव्यात, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू. त्यांचंही बरोबर होतं. पुढचा माणूसही आंधळाच असणार. पण मी काही संत नाही. मला तो डोळा आमच्या आईंनाच हवा होता.

आणि मी पोटापाण्यासाठी काय करते, तर लोकांना गाडी शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून जादाच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि 'आरशात बघा, अति घाई संकटात नेई' हे घोकायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

टॅक्सीवाल्यांचा संप सुरू होता. आमचे हे कामासाठी परगावी. दीर रात्रपाळीला गेलेले, कंपनीच्या बसनं उशिरा येणारे. उरली धाकट्या जावेची गाडी, आणि ती माझ्याच गाडीमागे अडकलेली. आमच्या घराच्या बाजूनं एकच चिंचोळी वाट आहे. तिची गाडी आत, तोंड फाटकाकडे. माझी तिच्या पुढ्यात, फाटकाला पाठ करून, नाकासमोर नाक. ढकलून बाहेर काढावी म्हटलं, तर या गाडीचा गिअर आणि हातब्रेक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी मेली की चाकं जागच्या जागी जखडलेली.

आता मुख्य अडचण सांगते. माझा आणि धाकटीचा तीन वर्षं अबोला होता.

कारण म्हणाल तर गच्चीवरची दोरी. तिनं माझ्या चादरी काढून ढीग करून ठेवल्या आणि स्वतःचे कपडे वाळत घातले. मी विचारलं, तर म्हणाली, "दोरी काय तुमच्या माहेराहून आणलीय?" मग मी तिच्या माहेराचं जे काही काढलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या, आणि मधे आई. "आई, सांगा त्यांना, पाण्याची मोटर लावलीय." "आई, कळवा त्यांना, गॅस संपलाय." दोन मजल्यांचं टपाल त्या आंधळ्या बाईनं वाहिलं.

बॅटरी उतरलीच कशी, हे मला कळेना. रात्री मी दिवे स्वतः बंद केले होते. माझा पहिला संशय कोणावर गेला, ते सांगायला नको.

आवाज ऐकून धाकटी जिन्यावरून खाली आली. हातात किल्ली, पायात घरातल्याच चपला. गाडीकडे बघितलं, आईंकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मी सीटखालची जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची चिमटेवाली वायर, ओढून काढली आणि आईंच्या बाजूचं दार उघडलं. "आई, सांगा त्यांना, गाडी थोडी पुढे घ्या, पण माझ्या गाडीला टेकवू नका. मग इंजिन बंद करून बॉनेट उघडा म्हणावं."

"ऐकलंस का गं? गाडी पुढे घे, टेकवू नकोस. मग इंजिन बंद, बॉनेट उघड."

"सांगा म्हणावं, ऐकू आलं. कान आहेत मला, आणि डोळेपण."

हा निरोप आईंनी पोचवला नाही. त्या पिशवीचे बंद चाचपत बसल्या.

धाकटीनं गाडी हातभर पुढे आणून बंद केली. मी माझं बॉनेट उघडलं. बॅटरी फुगलेली नव्हती, चीर नव्हती, गळतही नव्हती. असती तर हातच लावायचा नव्हता. पण टोकांवर पांढरी बुरशी चढली होती. मी केबल दोन गाड्यांच्या मधे खाली ठेवली आणि फडक्यानं टोकं घासायला लागले. बॅटरीतून वायू सुटतो. तिच्या तोंडाशी ठिणगी पडली तर ती फुटते, आणि आतलं ॲसिड थेट तोंडावर. आमच्या ड्रायव्हिंग शाळेच्या मेकॅनिकची एक भुवई अशीच कायमची गेलीय. म्हणून चिमटे लावायचा क्रम ठरलेला असतो, आणि तो मी नव्या माणसाकडून तीनतीनदा वदवून घेते.

"आई, सांगा त्यांना, केबलला अजून हात लावू नका."

निरोप पुढे गेला नाही, आणि काचा लावून बॉनेटचा खटका शोधणाऱ्या धाकटीला माझं ऐकू गेलं नाही. मी मान वर केली. त्यांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. बाई घाबरली होती, आणि मी तिला टपाल वाहायला सांगत होते.

तोवर धाकटीनं उतरून केबल उचलली होती. चूक तिची नव्हती, तिला घाई होती. तिनं लाल आणि काळा, दोन्ही चिमटे स्वतःच्या बॅटरीला लावून टाकले आणि उरलेली दोन टोकं एकाच मुठीत धरून माझ्या बॅटरीवर वाकली. दोन चिमट्यांचे दात एकमेकांपासून बोटभर अंतरावर झुलत होते. त्याच्या वर तिचं तोंड.

निरोप पाठवायला वेळ नव्हता.

"थांब!" मी ओरडले. "अगं थांब! हलू नकोस!"

पाय जमिनीवरच जोरात दाबला गेला. तिथं ब्रेक नव्हता, पण पायाला कोण सांगणार. धाकटी आहे तिथं थिजली. गाडीत आईंनी दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली.

"दोन्ही टोकं एकमेकांना लागली तर भडका उडेल. तशीच उभी राहा. तुझ्या बॅटरीवरचा काळा मी काढते."

"काढा, ताई," ती पुटपुटली.

मी तिच्या बॉनेटशी गेले, काळा चिमटा सोडवला आणि मग श्वास घेतला. आईंच्या पिशवीतला काळा चष्मा काढला आणि तिच्या हातात दिला. "घाल हा. मी म्हणते तसंच करायचं."

"आणि तुम्ही?"

"माझा चष्मा आहे की, जाड भिंगांचा."

लाल चिमटा माझ्या बॅटरीच्या अधिकच्या टोकाला. लालचं दुसरं टोक तिच्या अधिकला लावलेलंच होतं. काळा तिच्या उणेला. उरलेला काळा माझ्या बॅटरीला नाही, तर बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या एका बोल्टला. ती प्रत्येक वेळी विचारायची, "हाच ना?" आणि मी म्हणायची, "हाच." तीन वर्षांत एवढं संभाषण झालं नव्हतं.

"आता तुझी गाडी चालू कर. चालूच राहू दे."

आम्ही पाच मिनिटं थांबलो. पाच मिनिटं कधी एवढी लांब असतात का? मग मी बटण दाबलं.

टक्-टक्-टक्. बस.

"आता?" धाकटीचा आवाज रडवेला झाला. आई मागून म्हणाल्या, "जाऊ दे गं पोरींनो. ज्याच्या नशिबात असेल त्याला मिळेल तो डोळा."

"आई, तुम्ही गप्प बसा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

मी पुन्हा वाकून बघितलं. त्या बोल्टवर रंग होता. रंगावर चिमटा लावून वीज जाते होय? पोरांना हेच शिकवते मी. इंजिनाच्या मागच्या बाजूला एक उघडा लोखंडी हुक दिसला. चिमटा तिथं लावला. बारीकशी ठिणगी उडाली, पण बॅटरीपासून लांब.

यावेळी इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. आणि त्याच क्षणी गाडीतला रेडिओ एवढ्या मोठ्यानं केकाटला की मी दचकले. एक बाई आणि एक बाप्या तावातावानं भांडत होते, तांदूळ आधी धुवावा की भिजवावा.

मी गाडीत रेडिओ कधीच लावत नाही.

आधी हुकावरचा काळा, मग तिच्याकडचा काळा, मग तिच्याकडचा लाल, शेवटी माझा. उलट्या क्रमानं चिमटे काढून केबल आत फेकली. मी इंजिन चालू ठेवून गाडी मागे घेतली तोवर धाकटी तिची गाडी बंद करून धावत आली आणि त्याच घरातल्या चपलांनी आईंशेजारी बसली. रेडिओ अजून भांडतच होता. मी तो बंद करायला हात पुढे केला.

"मीच लावला होता तो," आई म्हणाल्या. "खुंटीवरची किल्ली घेऊन येते मी कधीकधी. काल त्या फोननंतर जीव घाबरला, म्हणून येऊन बसले. जाताना बंद करायचा विसरले असेन. माझ्यामुळेच झालं गं हे."

"अहो पण आई, घरात आहे की रेडिओ. तुमच्या उशाशीच," मी म्हटलं.

"घरात लावला की तुम्ही दोघी आपापली दारं लावून घेता." त्या थोडं थांबल्या. "इथं बरं वाटतं. ही दोघं एकमेकांशी बोलतात. भांडतात, पण बोलतात."

मला रस्ता नीट दिसेना. गाडी शिकवणाऱ्या बाईनं असं रडणं बरं नव्हे. मी रेडिओ बंद केला आणि आरशात बघून विचारलं, "पुलावरून घेऊ की खालून?"

"खालून, ताई. पुलावर यावेळी कोंडी असते."

"खालून सिग्नल किती आहेत माहितीय का?"

"मग विचारलंत कशाला?"

हॉस्पिटल येईपर्यंत आम्ही तेच करत होतो. खालूनच गेलो आणि वेळेत पोचलो, हे तिनं मला नंतर चारदा ऐकवलं.

नर्सनं आईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची आत वळताना त्यांनी मागे हात केला. कोणाकडे, ते त्यांना दिसत नव्हतं. आम्ही दोघींनी तो धरला.

"मी बाहेर येईपर्यंत गप्प बसू नका," त्या म्हणाल्या.

दार लागलं. आम्ही बाकावर बसलो. धाकटीच्या डोक्यावर तो काळा चष्मा तसाच सरकवलेला होता.

"चादरी ओल्याच होत्या," मी म्हटलं.

"अजिबात नव्हत्या," ती म्हणाली. "कडकडीत वाळल्या होत्या, ताई."

दार जाड होतं. आवाज आत जात होता की नाही, कोणास ठाऊक. तरी आम्ही तो मुद्दाम थोडा मोठाच ठेवला.