पाइप फ्रेममध्ये नको

दिल्लीकडच्या मराठी घरांत जानेवारीत एकच रडगाणं असतं. घर तापत नाही. पुण्याहून आणलेल्या शाली पुरत नाहीत, विजेचा हीटर पायाशी ठेवला की पाठ गारठते, आणि खिडकी उघडायची सोय नाही, कारण बाहेरची हवा आत येताना खोकला घेऊन येते. गुरुग्रामच्या शुभदाने दिवाळीनंतरच खिडक्यांच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. कोपऱ्यात एअर प्युरिफायर होता. त्याचा दिवा हिरवा असला की घर निर्धास्त.

वाचकहो, तुमच्याही घरात असा दिवा असेल. त्याच्याकडे एकदा बघा आणि मग पुढे वाचा.

शुभदाची जाहिराती बनवणारी छोटी कंपनी होती. यंदा काम मिळालं नाही तर ती गुंडाळावी लागणार होती, आणि तेवढ्यात निहारचा फोन आला. निहार तिचा पुण्यातला कॉलेजचा मित्र, आता लाकडावर चालणारे हीटर विकणाऱ्या कंपनीचा मार्केटिंगप्रमुख. हीटर खरोखर चांगला होता. पहाडातल्या बुखारीचंच सुधारलेलं रूप : जाड लोखंडाची पेटी, समोर काच, थोड्या लाकडात दिवसभर ऊब, आणि मागून निघून भिंतीबाहेर जाणारा धुराचा पाइप. पहाडात तो चांगला खपत होता. आता कंपनीला तो फ्लॅटवाल्यांपर्यंत न्यायचा होता.

अडचण पाइपची होती. पाइप दिसला की गिऱ्हाईक विचारतं, भिंत कुठे फोडायची?

"पाइप फ्रेममध्ये नको यार," निहार म्हणाला. "खाली बारीक अक्षरात टाकू की."

शुभदाला त्यात काही गैर वाटलं नाही. आपल्याला तरी कुठे वाटतं?

*

बाहेर धुकं. आई, बाबा आणि मुलगी हीटरभोवती बसले आहेत.
मुलगी : आई, आज आपलं घर किती छान उबदार आहे!
आई : ऊब म्हणजे सगळे जवळ असणं.
बाबा हसतात.

*

शूटिंग रविवारी सकाळी, शुभदाच्याच दिवाणखान्यात. नट परवडणार नव्हते, म्हणून आई ती स्वतः, बाबा म्हणजे नवरा दिलीप, मुलगी म्हणजे तिसरीतली पूर्वी. आजी म्हणून दिलीपच्या कल्पनाकाकू दिल्लीतल्या आर. के. पुरमहून यायच्या होत्या. तिथे त्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. त्यांच्यासाठी हीटरमागे एक खुर्ची आणि शाल मांडून ठेवली होती.

कॅमेरा अनिशकडे होता. धुराने हीटरची काच काळवंडेल म्हणून त्याने युक्ती काढली. पाइप काढलेला हीटर बाल्कनीत पेटवायचा, धूर निघून जाऊ द्यायचा आणि निखारे फुलले की आत आणायचा. तसंच केलं. धुराचा मागमूस उरला नाही तेव्हा त्याने आणि दिलीपने पेटी चाकांच्या फळीवरून आत ढकलली आणि बाल्कनीचं दार घट्ट लावून घेतलं. धूर गेला म्हणजे धोका गेला, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं.

पहिला टेक बरा झाला. पूर्वीच्या गालांवर रंग चढला होता, अनिश म्हणाला मेकअपची गरजच नाही. पण प्रकाश हलला होता, म्हणून पुन्हा.

*

मुलगी : आई, आज आपलं घर किती उबदार.
आई : ऊब म्हणजे सगळे...
बाबा हसतात.

*

शुभदा वाक्य विसरली म्हणून सगळे खूप हसले, जरा जास्तच. दिलीपला जांभया येत होत्या. फुकटात राबवतेस आणि वर झोपूही देत नाहीस, असा टोमणा त्याने मारला. पूर्वी म्हणाली, डोकं दुखतंय. शुभदाने ते कंटाळ्याचं निमित्त समजून तिच्या हातात बिस्किट दिलं. डोकं अनिशचंही दुखत होतं, पण त्याचं आदल्या रात्रीच्या लग्नामुळे. दिलीपचं प्रदूषणामुळे. शुभदाचं टेन्शनमुळे. एकच डोकेदुखी, आणि प्रत्येकाकडे तिचं वेगळं कारण.

तिने प्युरिफायरकडे पाहिलं. दिवा हिरवागार होता.

*

मुलगी : आई, आज आपलं घर
आई :
बाबा हसतात.

*

"त्या कधीच्या बसल्यात?" पूर्वीने विचारलं. ती हीटरमागच्या खुर्चीकडे बघत होती.

दिलीप म्हणाला, "बसू दे."

कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. शुभदालाही तिथे कुणीतरी दिसलं. शाल पांघरलेलं, मान खाली घातलेलं. काकू आल्या वाटतं, तिच्या मनात आलं. बरं झालं. अनिशने कॅमेरा तिकाटण्यावर चालू ठेवला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

*

मुलगी :
आई :
बाबा

*

बेल वाजली. ती सगळ्यांनी ऐकली. शुभदाला ती फार लांबून, पाण्याखालून येणाऱ्या आवाजासारखी वाटली, आणि ऐकत राहावीशी वाटली. उठावंसं मात्र वाटलं नाही. बेल थांबली, पुन्हा वाजली. मग नुसतं लोटलेलं दार ढकललं गेलं आणि कल्पनाकाकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. शुभदा त्यांच्याकडे पाहून हसली. काकू आत्ता येतायत, तर मग खुर्चीवर कोण आहे, असा प्रश्न तिला पडला. पण त्याचीही भीती वाटली नाही.

काकू सैन्याच्या इस्पितळांत भूलतज्ज्ञ होत्या. माणसांना झोपवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ही झोप कसली, हे त्यांना दारातच उमगलं. श्वास रोखून त्या सरळ बाल्कनीपर्यंत गेल्या, दार उघडलं, पूर्वीला काखेत हात घालून ओढत बाहेरच्या पॅसेजमध्ये आणलं आणि परत आत गेल्या.

"शुभदा, ऊठ. हसणं बंद कर आणि ऊठ!"

पॅसेजमध्ये शेजाऱ्यांची गर्दी जमली. दिलीप ओकत होता. कुणीतरी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणलं आणि पूर्वीच्या बोटाला लावलं. आकडा अगदी नॉर्मल आला. पूर्वी मात्र डोळे उघडत नव्हती.

"काढा ते," काकू म्हणाल्या. "ह्या विषात ते फसतं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

*

इस्पितळात सगळ्यांना ऑक्सिजन लावला. मोठी माणसं लवकर सावरली. पूर्वी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाला ओळखत नव्हती. ती रात्र शुभदाने कशी काढली, ते लिहीत नाही. ज्याला मूल आहे त्याला कळेल.

पूर्वीने "आई, पाणी" म्हटल्यावर तिला पाणी पाजून शुभदा बाहेर बाकावर येऊन बसली. शेजारी काकू होत्या.

"धूर नव्हता हो काकू. जरासुद्धा नव्हता."

"धूर असता तर वाचला असतात. खोकला आला असता, डोळे चुरचुरले असते, शिव्या देत दार उघडलं असतंत. निखाऱ्यातून जो वायू येतो त्याला रंग नाही की वास नाही."

"आणि प्युरिफायर? हिरवा होता पूर्ण वेळ."

"तो धूळ मोजतो. ह्या वायूबद्दल तू त्याला विचारलंच कुठे होतंस?"

शुभदा म्हणाली, असला हीटर विकायलाच नको.

"हीटरला नावं ठेवू नकोस," काकू म्हणाल्या. "पहाडात पोस्टिंग होतं तेव्हा आमचा सगळा वॉर्ड अशाच बुखारीवर जगला. लाकूड कमी, ऊब भरपूर, आणि जे वाईट ते पाइपातून बाहेर. पाइप काढलास की ती साधी शेगडी झाली. दर हिवाळ्यात इथे बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं मरतात. आपण पेपरात वाचतो आणि म्हणतो, बिचारे अडाणी. तेही असंच करतात गं. धूर जाईपर्यंत शेगडी बाहेर ठेवतात, मग आत घेतात आणि दार लावतात. तुम्ही चौघांनी वेगळं काय केलंत, सांग ना."



*

पूर्वी घरी आल्यावर शुभदा ऑफिसात गेली आणि तिने कॅमेऱ्यातलं सगळं पाहिलं. शेवटचा टेक कुणी थांबवलाच नव्हता. पडद्यावर सोनेरी उजेड होता, सुंदर. मागची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर फक्त शाल. पूर्वी हळूहळू एका बाजूला कलली, घसरली, तिचं डोकं फरशीवर आपटलं. तो आवाजही नीट ऐकू आला. आई वळली. तिने खाली पडलेल्या मुलीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हसून पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

शुभदाला ह्यातलं काहीच आठवत नव्हतं.

ती तशीच निहारच्या ऑफिसात गेली आणि ते चित्रण त्याच्यासमोर लावलं. सुरुवातीला तो म्हणाला, लायटिंग मस्त आलंय. संपल्यावर त्याने लॅपटॉप मिटला आणि उभा राहिला.

"आम्ही सॅम्पल पाठवलेत," तो म्हणाला. "नव्या वस्तूंचे व्हिडिओ टाकतात त्यांना. इथेच, गुरुग्राममध्ये. पाइपशिवाय."

तो उभ्याउभ्याच फोन करायला लागला. एकाने पेटी अजून उघडली नव्हती. दुसऱ्याने बाल्कनीत ठेवली होती. तेजश्री नावाची मुलगी एकटी राहत होती, ती फोन उचलेना. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा बंद झाली. निहारने सहकाऱ्याला गाडी घेऊन तिच्या पत्त्यावर पिटाळलं, सोसायटीच्या गेटवर कळवायला सांगितलं, आणि स्वतः फोन लावत राहिला. अखेर तो उचलला गेला.

"झोपलेय रे," तेजश्री म्हणाली. फार संथ, फार गोड आवाजात. "नंतर बोलू?"

"खिडकी उघड! आधी खिडकी उघड!" निहार ओरडला.

"हो... उघडते," ती म्हणाली. पण हलल्याचा काहीच आवाज आला नाही. नुसता श्वास येत होता.

शुभदाने फोन त्याच्या हातातून घेतला. ती ओरडली नाही.

"तेजश्री, मी शुभदाताई. तुला छान वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. ते खरं नाही, बाळा. पाय खाली टाक. टाकलेस? आता भिंतीला धरून चाल. उभं राहवत नसेल तर रांग. मी इथेच आहे. खिडकीला हात लाव. कडी कुठेय?"

बराच वेळ काही नाही. मग काहीतरी पडलं. मग कडीचा खटका ऐकू आला, आणि त्याच्या पाठोपाठ फोनमध्ये अख्खं गुरुग्राम शिरलं : हॉर्न, रिक्षा, कुणाचं तरी भांडण. त्या दिवशीची हवा भयंकर होती. तेजश्रीला ती झोंबली आणि ती खोकायला लागली. खोकतच राहिली.

"खोकू दे," शुभदा म्हणाली. "छान. आता मान बाहेर काढ. तशीच राहा, माणसं पोचतायत."

*

जाहिरात पुढे झाली, निहारच्याच आग्रहाने. तिची सुरुवात पाइपापासून होते. पहाडातलं खरं घर, भिंतीला पाडलेलं भोक, त्यातून बाहेर जाणारा काळा, बेढब पाइप. आणि मोठ्या अक्षरात : ज्या घरात पाइप बसत नाही, त्या घराने हा हीटर घेऊ नये. फ्लॅटवाल्यांतली विक्री जवळपास शून्य आहे. पहाडात पहिल्यासारखीच चालू आहे.

नागरिकहो, ऊब प्रत्येकाला हवी, आणि लाकडाची आग नीट बांधलेल्या हीटरात असेल तर ती वाईट नाही. पण आगीला हवा आत यायला वाट लागते आणि विष बाहेर जायला वाट लागते. ह्या दोन वाटा नसतील तिथे आग आत नेऊ नका. धूर दिसत नसला तरी नेऊ नका. आणि एखादी वस्तू दाखवताना तिचा बेढब भाग कुणी लपवत असेल, तर थांबा आणि तोच भाग आधी दाखवायला सांगा.