बॉम्ब शेल्टरमधला हलवा

सिंगापूरच्या सरकारला युद्धाची फार काळजी. नव्या फ्लॅटमध्ये ते एक खोली खास बॉम्बहल्ल्यासाठी बांधून देतं. जाड भिंती, खिडकी नाही, आणि सोनाराच्या तिजोरीला शोभेल असं लोखंडी दार. आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये या खोलीत दोन मोठ्या बॅगा, तांदळाचं पोतं, सुनेच्या चपलांचे डबे आणि मुलानं संकल्प करून घेतलेली व्यायामाची सायकल असे सगळे सुखानं नांदत होते. बॉम्ब पडलाच तर आम्ही सहकुटुंब त्या सायकलवर बसून वाट बघायची, अशी एकंदर व्यवस्था होती. त्या जानेवारीत मी हा सगळा संसार बाहेर काढला आणि आत हलवा करायला बसले.

हलवा म्हणजे गाजराचा नव्हे. संक्रांतीचा, पांढराशुभ्र, काटेरी. समोरच्या लखनौच्या बाईंना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी रोज त्या विचारायच्या, ‘आंटीजी, हलवा बन गया?’ आणि वाटी पुढे करायच्या.

माझी नात जाई. तिची ही पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण आलं. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. पुण्यात मी आयुष्यभर लोकांच्या सुनांना आणि नातवंडांना हलव्याचे दागिने करून दिले. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा. अर्ध्या पेठेच्या अल्बममध्ये माझं काम आहे आणि एकाही फोटोत मी नाही. घरात या कामाला ‘आईचा टाइमपास’ म्हणत. आमचे हे वर्षातले निम्मे महिने बोटीवर असत, त्याला मात्र नोकरी म्हणत.

तेव्हा स्वतःच्या नातीच्या अंगावर माझ्या हातचा सेट पडला पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती. आणि हा शेवटचा सेट होता. उजव्या हाताचा अंगठा सकाळी वाकतच नाही, सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागते. शेवटचा, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. या घरात दुखतं म्हटलं की फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट मिळते. वर, ‘आई, तुम्ही आता आराम करा ना,’ हे ऐकावं लागतं. आराम करून कुणाचे हात सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता हलव्याचं असं असतं, की खसखस नाहीतर तीळ घ्यायचे, मंद आचेवर चमचा चमचा पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. दिवसच्या दिवस. हवा थंड आणि कोरडी असेल तर दाण्यावर काटा उभा राहतो. दमट असेल तर दाणे गुळगुळीत होतात आणि एकमेकांच्या गळ्यात पडतात. सिंगापूरच्या हवेबद्दल मी काय बोलू? इथे तळलेला पापड ताटात वाढेपर्यंत त्याचा रुमाल होतो.

म्हणून बॉम्ब शेल्टर. आणि तिथे हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र. हे यंत्र आमच्या ह्यांनी आणलं.

आमचे हे म्हणजे शशिकांत, मर्चंट नेव्हीतले चीफ इंजिनियर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते फक्त कंपनीला माहीत आहे. ह्यांच्या लेखी आमचा फ्लॅट ही एक बोट आहे आणि आम्ही सगळे अतिशय सुमार दर्जाचे खलाशी. रोज झोपण्यापूर्वी चीफसाहेब फेरीला निघतात. गॅस, नळ, गीझर, पंखे. जिथे माणूस नाही तिथलं बटण बंद. एकदा सारंग, म्हणजे आमचा मुलगा, आंघोळ करत होता आणि ह्यांनी बाहेरून दिवा बंद केला. आतून ओरडा आला तर म्हणाले, ‘मग शिट्टी वाजवत जा.’

तर यंत्र आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना शेल्टरच्या दारात उभं करून भाषण दिलं. यंत्र रात्रंदिवस चालू राहिलं पाहिजे, म्हणून त्याच्या बटणावर लाल टेप. बोटीवर असंच करतात. टेप दिसली की कॅप्टनसुद्धा बटणाला हात लावत नाही. ‘ही टेप कुणी काढली तर गाठ माझ्याशी आहे,’ असं म्हणून त्यांनी अंगठ्यानं टेप दाबून बसवली आणि माझ्याकडे पाहिलं. जणू मीच उठून ती सोलणार होते.

सूनबाईंनी भाषण ऐकून घेतलं. तन्वी तांजोंग पगारला एका बँकेच्या आयटीत आहे. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा बॅकअप असतो. सासूचाही होता. पुण्याहून कुरिअरनं मागवलेला तयार सेट तिनं कपाटात ठेवला होता, तो मला चपलांचे डबे त्यात सरकवताना सापडला. थर्माकोलचे दाणे, गोंदाचा वास, आणि पाकिटावर ‘हँडमेड’. असेल. थर्माकोललाही कुणाचा तरी हात लागतच असणार.

‘आई, तो फक्त सेफ्टी म्हणून,’ ती ओशाळून म्हणाली. मग विषय बदलायला तिनं सुचवलं, की मी इथल्या मराठी बायकांसाठी वर्कशॉप घ्यावं. दोन तासांत हलव्याचे दागिने. मी म्हटलं, दोन तासांत मी फक्त पाकाचा अंदाज सांगू शकेन, तोही ज्यांना पातेलं ओळखता येतं त्यांनाच.

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले. लोखंडी दार अर्धं उघडं, विजेच्या लहान शेगडीवर परात, यंत्राची घरघर. बोटं भाजत होती आणि अंगठा शिव्या देत होता, पण चौथ्या-पाचव्या दिवशी खसखशीवर काटा दिसायला लागला तेव्हा मी एकटीच हसले. इतकं बरं मला इथल्या मेट्रोच्या एसीतही कधी वाटलं नव्हतं. हे मधूनमधून दारात येऊन उभे राहायचे. ‘जमतंय?’ म्हणायचे. मी म्हणायचे, ‘नाही, युद्ध चाललंय.’ पुन्हा थोड्या वेळानं यायचे, ‘जमतंय?’ दुसऱ्यांदा तेच उत्तर द्यायचा मला कंटाळा यायचा. त्यांना विचारायचा येत नसे.

त्याच आठवड्यात ते संध्याकाळी फिरायला गेले आणि उशिरा, घामानं निथळत परत आले. बुकित बातोकला उतरलो, म्हणाले. आपलं स्टेशन त्याच्या पुढे. मुद्दाम उतरलो, जरा पाय मोकळे केले. मी म्हटलं, चीफसाहेब बंदर चुकले. जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, आणि सगळे हसले. तेही हसले.

सेट बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी पुरा झाला. दाणा भोसकता येत नाही, फुटतो. एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरावा लागतो. मुकुटाच्या गाठी मारायला मला पूर्वीच्या चौपट वेळ लागला आणि दोनदा रडायला आलं, अंगठ्यामुळे. पण झाला. लहानगा मुकुट, दुपदरी हार, मनगट्या. तन्वी बघायला आली आणि मुकुट तळहातावर घेऊन तिनं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाली, ‘आई, तो दुसरा सेट मी काढणारच नाही.’ मी तोंडदेखलं म्हटलं, अगं, असू दे, सेफ्टी. मनातून मी मुकुट घालूनच हिंडत होते. ताट शेल्टरमध्ये ठेवलं, यंत्राची घरघर ऐकली, दार लावलं.

सकाळी दार उघडलं तर घरघर नव्हती.

आधी वास आला, ओल्या साखरेचा. मग ताट दिसलं. काटा पार गेला होता. दाणे पाणावून खाली बसले होते, हाराचे दोन पदर एकमेकांना चिकटून त्यांची एकच वळकटी झाली होती, आणि मुकुटावर मुंग्यांची रांग लागली होती. सिंगापूरच्या मुंग्या, त्यासुद्धा शिस्तीत. बटण बंद होतं. त्यावरची लाल टेप नव्हती.

सारंग आंघोळीला गेला होता, तन्वी जाईला घेऊन खाली केक आणायला. हे टेबलाशी चहा घेत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते सगळं तयार होतं, इतक्या वर्षांच्या संसारात दारूगोळा कमी पडत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले,

‘त्या खोलीत कुणीतरी बटणावर लाल टेप चिकटवून ठेवली होती. आत मशीन चालू, जवळ माणूस नाही. आग लागली असती. मी काढून टाकली. कुणाचा हा अडाणीपणा?’

आणि शर्टाच्या खिशातून टेपची नीट गुंडाळलेली गोळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. ते विचारत होते. खरंच विचारत होते, आणि उत्तराची वाट बघत होते. डोळ्यांत तीच जुनी जरब, बोटीवरच्या पोरांना दाखवायची, आणि तिच्यामागे काहीच नव्हतं. न ती टेप, न ते भाषण, न दारात येऊन शंभर वेळा विचारलेलं ‘जमतंय?’.

मला भीती वाटली. ताट बघून नुसता राग आला होता, राग मला झेपतो. बुकित बातोकला ते पाय मोकळे करायला उतरले नव्हते. आणि मी सगळ्यांसमोर हसले होते. सगळा महिना मी माझ्या अंगठ्याचं म्हातारपण कुरवाळत बसले होते, जणू या घरात म्हातारी मी एकटीच झाले होते.

तेवढ्यात सारंग डोकं पुसत बाहेर आला. शेल्टरचं दार उघडं होतं, त्यानं ताट पाहिलं. ‘आई, हे काय झालं? मशीन कुणी बंद केलं?’

हे माझ्याकडे बघत होते. सारंग माझ्याकडे बघत होता. टेपची गोळी मी मुठीत घेतली.

‘मीच,’ मी म्हटलं. ‘रात्री पाणी प्यायला उठले होते, सवयीनं बंद केलं. विसरले.’

‘बघ,’ हे सारंगला म्हणाले. ‘म्हणून मी म्हणतो, फेरी एकाच माणसानं मारावी.’

सारंगला सांगायचं आहेच. डॉक्टरही होणार, तपासण्याही होणार, आणि चौकशा करणाऱ्यांची तर रीघ लागणार. सोमवारी त्याला ऑफिसला निघण्याआधी बाजूला घेऊन मीच सांगणार होते. पण नातीच्या बोरन्हाणाला आजोबा आजोबाच असावेत. पेशंट सोमवारपासून.

बोरन्हाण बुकित बातोकच्या एका कॉन्डोत होतं, तन्वीच्या मैत्रिणीकडे, स्मिताकडे. वाळलेली लाल चिनी बोरं, हॉकर सेंटरमधल्या रसवाल्याकडून मागून आणलेले उसाचे तुकडे, आणि थर्माकोलचा सेट. जाई त्यात गोड दिसत होती. ती कशातही दिसते, पोत्यात घातली तरी दिसेल. तिनं मनगटी तोंडात घातली, थर्माकोल चावून बघितला आणि माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं पाहिलं. माझ्या कामाची जाण असलेली या घरात ती एकटीच निघाली.

स्मितानं सगळ्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की काकू स्वतःच्या हातानं दागिने करणार आहेत. त्यामुळे सगळ्या घोळक्यानं आल्या. कुठे आहेत काकूंचे दागिने? हे माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. माझं काम बिघडलं असं मी जन्मात कुणापुढे कबूल केलेलं नाही. एकदा एक मुकुट रिक्षात चेपला, तर त्याला मी नवीन फॅशन म्हणून खपवला होता.

‘नाही जमलं,’ मी म्हटलं. ‘बिघडले. हात चालत नाहीत आता पहिल्यासारखे, आणि लक्षातही राहत नाही.’

बायकांनी हळहळ केली. एकीनं गुडघ्याचं तेल सुचवलं, कशावर कोण जाणे. स्मिताची मुलगी पळत आली आणि म्हणाली, ‘Aunty, never mind lah, this one also nice.’ सगळ्या हसल्या आणि फोटो काढायला गेल्या.

ह्यांनी माझा हात हातात घेतला. चारचौघांत त्यांनी हे कधी केलेलं मला आठवत नाही. अंगठा दुखतो तिथे बरोबर दाबत ते म्हणाले,

‘वय झालं की असं होतं, मीना. मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे ना लक्ष ठेवायला.’

याला उत्तर होतं माझ्याकडे. चांगलं, धारदार, जन्मभर पुरलं असतं असं. मी म्हटलं, ‘हो.’

घरी आल्यावर जेवणं झाली. मी ताट धुवायला घेतलं. चिकटलेला हलवा गरम पाण्यात भराभर विरघळला, दोऱ्याच्या गाठी तेवढ्या तळाशी राहिल्या. चीफसाहेब फेरीला निघाले. गॅस बघितला, नळ पिळले, पंखा बंद केला. मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं आणि समाधानानं पुढच्या खोलीकडे वळले. मी हात पुसले, बटण पुन्हा चालू केलं आणि त्यांच्या मागून निघाले.

दारात ते थांबले. ‘काय करतेस?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही व्हा पुढे.’